पाय माझे, मर्जी त्यांची

...आणि वर लोक सल्ला देतात, "डेल, जरा निवांत बस ना." अहो, बसलं की मगच सगळं सुरू होतं! अंगणातला बर्फ उपसताना काही नाही, चालताना काही नाही, पण संध्याकाळी खुर्चीला पाठ टेकली रे टेकली, की पोटऱ्यांच्या आत कुणीतरी सोड्याची बाटली हलवून उघडावी तसं फसफसतं. दुखत नाही, खाजत नाही, फक्त उठावंच लागतं. पाय माझे, मर्जी त्यांची.

तुम्हाला सांगतो, आमची आर्लिस, म्हणजे माझी बायको, आमच्या मायनॉट गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या ताफ्यात आहे. तिचा वसंतातला कार्यक्रम मी अकरा वर्षं मागच्या दाराशी, कोटांच्या खुंट्यांपाशी येरझाऱ्या घालत ऐकला. नवीन माणसं मला दरवान समजायची. एका बाईंनी तर कोट हातात दिला, "जपून हं, लोकरीचा आहे." टांगला मी. काय करणार?

आर्लिस कधी कुरकुरली नाही. यंदा मात्र तिला एकटीचं गाणं मिळालं, पहिल्यांदा, अडुसष्टाव्या वर्षी. भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "तुझी जागा रिकामी असते रे, डेल. लोकांना वाटतं मी विधवा आहे."

दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

गेलो डॉक्टरीणबाईंकडे. रक्तात लोह कमी नाही ना, ते तपासून झालेलं, आणि पाय शांत करायच्या गोळ्यांनी आधी बरं वाटलं, मग भर दुपारीच वळवळ सुरू झाली, म्हणून त्या बंद केलेल्या. बाईंनी दोन पट्टे काढले. "गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बांधायचे. नसेला हलकी वीज मिळते, पायांना वाटतं आपण चालतोय." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे वीज गुरांच्या कुंपणाला लावतात." त्या हसल्या नाहीत.

घरी पहिल्याच दिवशी पट्टे बांधले उलटे, आणि विजेच्या जोराचा आकडा एकदम नऊवर. पंजा असा उडाला की सपात थेट ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या बटाट्याच्या हॉटडिशमध्ये. आर्लिसनं सपात बाजूला ठेवली, बटाटे सारखे केले, म्हणाली, "चारवर ठेव."

चारवर ठेवलं. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र बातम्या बघताना पोटऱ्या अर्धा तास नुसत्या आवळल्यासारख्या, पाऊल जागचं हलत नाही... आणि सोडा शांत. कित्येक वर्षांनी मला उद्याचं हवामान शेवटपर्यंत कळलं.

कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेत, ऐन मधोमध बसलो, म्हणजे पळायला वाटच नाही. शेजारचा ऑर्विल म्हणतो, "डेल, तू इथे? मग दारात कोण आहे?" तिसऱ्या गाण्याला फसफस सुरू. पाय माझे, मर्जी त्यांची! पँटवरूनच बटण दाबलं. आवळलं. घाम फुटला मला... पण बसलो. एक गाणं, दोन गाणी, आणि ते निवत गेलं.

मग आर्लिस पुढे आली. सवयीनं तिनं आधी मागच्या दाराकडे पाहिलं, तिथे मी नाही. चेहराच उतरला तिचा. पियानोवाल्यानं सुरुवात पुन्हा वाजवली. मला वाटलं, उठून हात करावा, आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा स्वतःहून उठावंसं वाटलं आणि मी उठलो नाही. नुसता खाकरलो. माझं खाकरणं तिला पाठ, तिनं खाली दुसऱ्या रांगेत पाहिलं.

काय गायली म्हणून सांगू. गाय मेली तेव्हा न रडलेल्या ऑर्विलनं रुमाल काढला. शेवटी सगळं चर्च टाळ्या वाजवत उभं राहिलं, आणि मी एकटा बसून वाजवत होतो. मुद्दाम.

खाली चर्चच्या तळघरात कॉफी घेताना आर्लिसनं माझा हात धरून ठेवला होता. तेवढ्यात तिची बहीण डार्लीन आली. "डेल, तुला बसता येतं की आता! मग रविवारी या, आमच्या अलास्काच्या सहलीचे फोटो दाखवते. नऊशे आहेत." मी आर्लिसकडे पाहिलं. ती म्हणाली, "येईल तो."

नऊशे, हो. आणि डार्लीन प्रत्येकावर बोलते. नाही म्हणायला आता माझ्याकडे आजाराचं निमित्तसुद्धा उरलं नाही.