बिब्ब्याचं काळं

(तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा. आत खाटेवर रंगराव. बाहेर त्याची बायको शालूबाई आणि डॉक्टरीणबाई.)

शालूबाई : कापू नका बाई. आमचा भाजीपाल्याचा मळा हाय. दिवसभर उभं राहून पाणी वळवणारा माणूस. एका पायानं काय करतीन थे?

डॉक्टरीण : एका पायानं जगतील तरी. आज कापला नाही तर विष अंगभर चढेल. तुम्ही हो म्हणा.

शालूबाई : पण हाड तं बसलं व्हतं! तुमीच फोटो उजेडाकडं धरून दाखवला, म्हणल्या पाहा, कसं सरळ बसलं.

डॉक्टरीण : हाड अजूनही सरळच आहे. पाय आतून सुजला, प्लास्टर आवळलं आणि खाली रक्तच पोचलं नाही. म्हणून तर बोटं उघडी ठेवली होती. काळी पडली की तडक आणा, असं बजावलं होतं ना मी?

शालूबाई : बजावलं व्हतं. घडीघडी पाहत व्हती मी. काळीच व्हती, बाई. पण थे बिब्ब्याचं काळं व्हतं.

डॉक्टरीण : बिब्बा लावलात?

शालूबाई : बैलबंडी उलटून पाय मोडला तवा ओरडले नाही, इतके घरी गेल्यावर ओरडले. आत्याबाईले, माया सासूले, पाहवेना. त्याहीनं बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धरला अन् त्याचं तेल बोटाले लावलं. बाकी पाय तुमच्या प्लास्टरात, बोटंच तेवढी बाहीर. बिब्ब्यानं कातडं काळंच पडते, बाई. धोबी कपड्यावर निशाणी करते थे बिब्ब्याचीच.

डॉक्टरीण : बोटं गार लागली नाहीत हाताला?

शालूबाई : लागली. पण दुखणं थांबलं व्हतं नं! रातभर इव्हळणारा माणूस सकाऊन गप निजला. आमाले वाटलं, बिब्बा लागू पडला. आत्याबाईनं देवापुढं साखर ठेवली.

डॉक्टरीण : शालूबाई, दुखणं थांबलं तेव्हाच पाय मेला होता.

शालूबाई : अरे देवा.

डॉक्टरीण : बसा. पाणी आणू का?

शालूबाई : नको. कापा मंग. माणूस राहू द्या मले. पण एक ऐका. आत्याबाई फाट्यावरून पायी येऊन राह्यल्या. त्याहीले बिब्ब्याचं सांगू नका.

डॉक्टरीण : ते सांगायलाच हवं. उद्या दुसऱ्या कुणाला लावतील.

शालूबाई : एकुलता एक लेक हाय त्याहीचा. त्याचा पाय आपल्या हातानं गेला, हे समजलं तं अन्नाले शिवणार नाही म्हातारी. मायावर घाला. बायकोनं हयगय केली म्हणा. मले चालते.

डॉक्टरीण : बरं. आज नाही सांगत.

(रंगरावची आई सत्यभामाबाई व्हरांड्यात येते.)

सत्यभामाबाई : शालू! वं शालू! कसा हाय माया रंगा?

शालूबाई : निजले हायेत, आत्याबाई.

सत्यभामाबाई : म्हंजे दुखत नाही. डॉक्टरीणबाई, तुमचं प्लास्टर चांगलं, पण रात काढाले आमचा बिब्बाच लागते. नाही वं शालू?

शालूबाई : हाव. तुमच्याच हातानं आराम पडला त्याहीले.

सत्यभामाबाई : मी कवाच निघाली असती, पण पुष्पाकडं गेली. आमची शेजारीण, त्याच बंडीतून पडली नं थे.

डॉक्टरीण : पुष्पाबाई? तिच्या हाताला मी परवाच प्लास्टर घातलंय.

सत्यभामाबाई : थेच. लई कळा लागल्या बिचारीले. रंगाले गुण आला म्हणून तिच्या सासूनं मले बलावलं. काल तिच्याही बोटाले लावला बिब्बा.

डॉक्टरीण : आणि आज? आज कशी आहे ती?

सत्यभामाबाई : आज? चांगली हाय! सकाऊनपासून हूं का चूं नाही. दुखणं थांबलं तिचं.

डॉक्टरीण : जीप काढायला सांगते, तुमच्या वडनेरला, आत्ताच्या आत्ता! आजी, तुम्ही काय केलंत...

शालूबाई : थांबा बाई. तुमी जीपचं पाहा. आत्याबाईले मी सांगतो.

सत्यभामाबाई : काय सांगतं वं? काऊन धावल्या त्या?

शालूबाई : बसा, आत्याबाई. तुमचा हात द्या माया हातात.