फोन उचलणाऱ्या बाई

घसा दाखवायला कारखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटरबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी कुणीतरी बोललं आणि त्यांनी चटकन मान वळवली. हेड ऑफिसचे मोठे साहेब! अकरा वर्षं रोज फोनवर ऐकलेला आवाज. चेहरा आज पहिल्यांदाच दिसत होता. एका कानात कापूस, सोबत मेहुणा.

"दाजी, कारखान्याच्या फोनसाठी दोन कंपन्या बघितल्या. पहिली फोन, मेसेज, मीटिंग सगळं एकत्र देते. दुसरी स्वस्त आहे, पण नेट गेलं की फोन मुका."

"मग पहिलीच बरी. पण फोन उचलणार कोण?"

"कुणीच नाही. मशीन विचारतं आणि हव्या त्या माणसाला जोडून देतं."

"आमच्या बाई चांगल्या आहेत रे. कधी पाहिलं नाही, पण आवाज हजारांत ओळखेन."

"दिवसाला फोन किती येतात?"

"थांब, त्यांनाच विचारतो."

साहेबांनी मोबाइलवर कारखान्याचा नंबर लावून तो चांगल्या कानाला धरला. रिंग वाजत राहिली.

"उचलत नाहीत."

"बघा! मशीन पहिल्या रिंगला उचलतं."

"हं. सांगून टाक मग त्या पहिल्या कंपनीला."

"नऊ नंबर कोण? नाव सांगा!" नर्सने दारातून हाक दिली.

बाई उठल्या आणि तोंड न उघडता त्यांनी केसपेपर पुढे केला.