काळीज बंद

मंजुश्री : आप्पा, हात पुढं करा बघू.

सुबराव : धुतलाय की.

मंजुश्री : तरी वास येतोय. ऑस्करला परत कोंबडीचं काळीज घातलंसा न्हवं?

सुबराव : एवढंसं. पाच दिवस उपाशी हाय मासा. मी हातमागावर विणायला बसलो की टाकीच्या काचंला तोंड लावून बघत राहतोय.

मंजुश्री : बघू दे. खडेबाजारातल्या मासेवाल्यानं सांगितलंय, पंधरा दिवस न्हाय खाल्लं तरी त्याला काय हुईत न्हाय. तुमी मधी काळीज घातलंसा तर तो त्या माशाच्या खाद्याच्या गोळ्या कशाला खाईल?

सुबराव : शिकारी जात ती. गोळ्या खाऊन जगती व्हय?

मंजुश्री : नदीत तो अख्खा मासा खातोय, काट्यासकट. किडं खातोय, झिंगं खातोय. तिथं त्याला नुसतं काळीज कोण काढून देतंय? इकडं या. डोळ्याच्या वर बघा.

सुबराव : खरचटलं असंल.

मंजुश्री : भोकं हाईत ती, नुसत्या काळजानं पडलेली. चार. गेल्या महिन्यात एकच हुतं.

सुबराव : आधीच्या माशाला बी असलीच पडलीती.

मंजुश्री : तो तर पाणी बिघडून गेला म्हणालतासा.

सुबराव : आरोही लई रडत हुती. नातीला काय सांगू, तुझा मासा आजाच्या लाडानं गेला म्हणून? पोट सुटलतं त्याचं, मला दिसत हुतं. पर काळीज दिसलं की हातापाशी यायचा गं. तेवढ्यासाठी घालत गेलो.

मंजुश्री : ह्याचं तसं करायचं न्हाय.

सुबराव : न्हाय. ती गोळ्यांची डबी आण. झिंग्याच्या पोटात भरून मीच घालतो.

(आठ दिवसांनी, सकाळी, टाकीपाशी.)

मंजुश्री : थुकला?

सुबराव : दोनदा. रोजचंच हाय.

मंजुश्री : काळीज आणावं वाटलं न्हाय?

सुबराव : रोज वाटतंय. म्हणून त्या खाटकाच्या गल्लीनं जायचंच सोडलंय. हलू नको... घेतलं बघ.

मंजुश्री : परत थुकंल.

सुबराव : चावतोय. थांब. गिळलं.

मंजुश्री : भोकं भरायला लई दिवस लागतील, आप्पा. आता पाळीपाळीनं घालायचं. गोळ्या, झिंगं, गांडूळ. काळीज कधीतरी, नखाएवढं.

सुबराव : तेवढं बी नको. आरोही शाळेतनं कवा येत्या?

मंजुश्री : चारला. खाल्लं म्हणून सांगणार?

सुबराव : पहिल्या माशाचं सांगतो आधी. मग ह्याचं.