किसनरावांची किल्ली

आमच्या साहेबांच्या शिस्तीचं एवढं कौतुक करता, तर हेही ऐका. पंचावन्न सालाच्या आसपास आम्ही सावनेरकडे चुंबकीय सर्वेक्षण करत होतो. जमिनीखाली लोखंड असलं की यंत्रातला काटा उसळायचा, म्हणून यंत्राजवळ लोखंडाला सक्त बंदी. शेतमालक किसनराव विळा दूर धुऱ्यावर, बांधावर ठेवून आले, तरी साहेबांनी त्यांच्या करदोट्याची किल्लीसुद्धा सोडायला लावली.

मग साहेब यंत्रावर वाकले आणि काटा जो उसळला!

"खाली लोखंड आहे. इथे खोदावं लागेल."

शेतात कपाशी उभी होती. किसनरावांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "तू पाह्य बरं गा एकदा."

साहेब बाजूला झाले, मी पाहिलं. काटा गप्प. साहेब वाकले, की पुन्हा उसळला.

"साहेब, माही किल्ली सोडाले लावली," किसनराव म्हणाले, "अन् तुमच्या नाकावरचा चष्मा कायचा हाय?"

पोलादी काड्यांचा. आदल्याच दिवशी सीताबर्डीच्या बाजारात घेतलेला. साहेबांनी तो काढला. काटा जागेवर आला, पण आता तो साहेबांना दिसेचना.

करदोट्याला किल्ली बांधता बांधता किसनराव मला म्हणाले, "अन् म्हणे यायले जमिनीखालचं दिसते!"