उजवा हात

— थांब, थांब. परत उजवा हात उचललास. किती वेळा सांगितलं, गळ्यात जी चाल आहे तीच उजव्या हाताने वाजवायची, बोटं पुढे, गळा मागे, लहान मुलाला धरून चालवतात ना तसं. सोडलास हात की पडलीस. — नाही पडलीस? हे कोण ठरवणार, तू की मी? त्या हॉटेलात इतकी वर्षं पियानोवर कोण बसतंय? जॅझ म्हणजे वाट्टेल तेव्हा वाट्टेल ते, असं वाटतं तुम्हा पोरींना. इकडे डाव्या हातातला कॉर्ड निघून गेला आणि बाईसाहेब ओळ उचलतायत सावकाश, जशी काही बस हिच्यासाठीच थांबणार आहे. — माहितीये, तुझी आईही अशीच उशिरा यायची ओळीवर. लोक माना डोलवायचे. लोकांना काय कळतं? तिचा तो उशीर सांभाळून घेत खाली बसलेली मी होते, तिची सख्खी बहीण, ते कुणाला दिसलं? टाळ्या पडल्या की ती वाकायची, आणि मग आठवण झाल्यासारखा एक हात माझ्याकडे करायची. — डोळे पुसू नकोस. आई जाऊन वर्ष झालं, आता पुरे. रडून गळा बसतो, आणि तुझा गळा आधीच काय तो आहे.

उद्या दुपारी मॅनेजर तुला ऐकणारे, तर ऐकू दे की, मी कुठे नाही म्हणते? पण मावशी म्हणून सांगते, एकटीने वाजवत गायचा हट्ट सोड. तू उभी राहा, मी वाजवते. आई उभी राहायची तिथेच. तिचा तो काळा झगा घाल — कमरेत आत घ्यावा लागेल, तुझ्या अंगावर काही ठरत नाही. तिलाही मधूनच यायची ही हुक्की. एकदा सकाळी हॉल रिकामा होता, तर माझ्या स्टूलवर बसलेली सापडली मला, चाचपडत दोन-तीन बोटं टाकत गुणगुणत होती. मी नुसती हसले. अशी हसले की परत म्हणून बसली नाही ती तिथे. — असं बघू नकोस माझ्याकडे. तिच्या भल्यासाठीच ते. आणि तिला जमलं असतं तर मी काय करायचं होतं, टेबलं पुसायची?

काय? — हे तुला मॅनेजरने सांगितलं? त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. हो, विचारलं होतं त्याने, भाची दोन्ही करते का, म्हणजे एकाच माणसात काम भागेल. मी म्हटलं, तिला नाही जमत, उजव्या हाताने चाल वाजवल्याशिवाय तिला सूरच सापडत नाही. खोटं होतं का ते? नव्हतंच. मीच तर तुला तशी सवय — म्हणजे, आधार लागतो नवख्याला. शिकवलं मी, वर माझ्यावरच डोळे वटारतेस.

आता हे काय? उजवा हात मांडीवर? नुसत्या डाव्या हातावर गाणार? गा. गा की, तोंडावर आपटशील तेव्हा मीच उचलायला — 

…

बास. बास म्हटलं. झालं तेवढं पुरे. एवढं काही हुरळून जायला नको, एक ओळ धड गेली म्हणजे — बरं, दोन. शेवटचा सूर लांबवलास तो आईसारखा, त्यात तुझं काय? — काय म्हणालीस? मी? मी गाऊन दाखवू, वाजवता वाजवता? मला शिकवतेस? सरक. सरक तिकडे. हे बघ, हा कॉर्ड, असा, आणि त्याच्यावर — थांब, हे स्टूल खाली केलंयस तू. हा कॉर्ड. आणि त्याच्यावर गळा — बोटं थांबतायत माझी, पेडल नीट लागत नाहीये. परत. हा कॉर्ड. आणि —

हसलीस ना? — नाही? मग हस ना. हसत का नाहीस?

खांद्यावरचा हात काढ. जा तू. पियानोचं झाकण राहू दे उघडंच, जा.