ओल्या कापडाची राखण

माहा जनम नाल्याच्या काठचा, भाऊ. आमी ढिवर. चांद्याच्या खालच्या अंगाले, जंगलात आमचं गाव, तवा चंद्रपूर कोणी म्हणत नव्हतं, चांदाच म्हणत. बाप मासोळ्या धरे, माय टोपलं डोक्यावर घेऊन बाजारले जाये, अन् आमी दोघी बहिणी, मी यमू मोठी अन् गोदी लहान, दिवसभर पाण्यात. विहीर नव्हती जी आमच्या गावात, खोदली का खाली दगडच लागे, म्हणून पेवाचं पाणी नाल्याचं, आंघोळीचं नाल्याचं, देवाचंबी नाल्याचंच. उन्हाळ्यात नाला पार बारीक होये, पण गावाजवळचा डोह काई आटत नसे. मी पह्यलेपासून भेकड बाई. वाघाचं भेव, सापाचं भेव, साहेबाच्या टोपीचंबी भेव. पण पाण्याचं भेव मले कधीच नव्हतं. ते लागलं लगन झाल्यावर, अन् काय सांगू तुम्हाले, अजून गेलं नाई.

मले देली होती त्याच नाल्याच्या वरच्या अंगाले, कोळशाच्या खाणीजवळ. आमचे हे खाणीच्या कारखान्यात होते. मोठा कारखाना नोहे, खाणीतल्या मशिनी खोलाच्या, धुवाच्या, पुन्हा जोडाच्या, हेच काम. अन् धुवाचं कायनं, तर मातीच्या तेलानं. मातीचं तेल म्हणजे घासलेट जी, कंदिलात टाकतो ते. ते धुतलेलं काळं पाणी, त्यात घासलेट, मशीनचं वंगण, सगळं सरळ नाल्यात. मंग काय, खाली आमच्या गावाच्या मासोळ्या मेल्या, पोटं वर करून तरंगल्या. बाप अन् गावचे माणसं काठ्या घेऊन खाणीवर आले. मी सासरच्या घरात पदर दाताखाली धरून उभी, इकडं नवरा, तिकडं बाप, म्हणलं आता कोणाचं डोस्कं फुटते. पण मॅनेजर बरा निंगाला, तो म्हणे तुमच्या पाण्याचा बंदोबस्त करतो, अन् त्यानं मिस्त्रीले कामाले लावलं.

मिस्त्री सिरोंच्याकडचा तेलंगी माणूस, मराठी तोडून तोडून बोले, रागीट, पण डोस्क्यानं तेज. त्यानं हौद बांधला, हौदाच्या मंधात बांबूची चौकट, अन् चौकटीवर जाडं सुती कापड ताणून बसवलं, असं घट्ट विणलेलं का फुंकर मारली तर पलीकडं जाऊ नये. घाण पाणी इकडून याचं, कापडातून झिरपून तिकडं जाचं, अन् तेल इकडंच राहाचं. मले तर पटेच ना. म्हणलं जिथून पाणी जाते तिथून तेल कसं जात नाई, दोन्ही पातळच ना. पण जात नव्हतं जी! तेल वरच साचे, ते मी डब्यानं काढून पिपात भरो, अन् तिकडून नाल्यात जाये ते पाणी पाह्यलं तर वास नाई, रंग नाई. राखणीचं काम मले देलं, काऊन का खालच्या गावची लेक ही, हिले काळजी राहीन. मिस्त्रीनं एकच गोष्ट सांगतली, कापड बसवाच्या आधी साध्या पाण्यानं चिंब भिजवाचं, अन् कधीच सुकू द्याचं नाई. काऊन, ते त्यानं सांगतलं नाई, अन् मी विचारलं नाई. त्याच्या डोळ्याकडं पाहाचंच मले भेव लागे.

तुम्ही म्हणान, बाई सुखी असन. कायची सुखी. लगनाले लय वर्ष झाले, माह्या पोटी लेकरू नाई. किती देव केले, किती उपास केले. झाडाले धागे बांधले, पोळ्याच्या मारबतीच्या पुतळ्यापाशी रडली, डोंगरावरच्या गोंडाच्या देवालेबी कोंबडं कबूल केलं. सासू चांगली होती माही, खोटं कायले बोलू, ती कधी टोचून बोलली नाई, उलट माह्यासंग उपास धरे. पण बाकीचे लोक सोडते का? गोदीचं लगन माह्या मागून झालं, माहेरच्या गावातच देली होती तिले, अन् तिले पह्यल्याच खेपेले पोट्टा झाला. मले आनंद झाला, आईची आण. पण आमच्यात असं आहे, बाळंतीण उठली का पह्यल्यांदा पाण्यावर जाते, पाणी पुजते, लेकराले पाण्याची ओळख करून देते. पळसाच्या पानाच्या द्रोणात दिवा लावून डोहात सोडते. त्या पूजेले जिले लेकरू नाई तिनं जाचं नाई. मायनं सांगावा धाडला, यमे, तू आज संध्याकाळी जेवाले ये, पूजा झाल्यावर. मी समजली. डोळे पुसले अन् कामावर गेली.

त्याच दिवशी हौदाचं जुनं कापड फाटलं म्हणून नवं बसवाचं होतं. माही सासू भाकर घेऊन आली होती. आता ढिवराच्या घरचं पाहा, नवं जाळं पाण्यात टाकाच्या आधी आमी त्याले तेल-हळद लावतो. कोरं जाळं पाण्यात टाकलं तर पाणी माणूस मागते, असं आमचे लोक मानत. सासूनं ते कोरं कापड पाह्यलं अन् म्हणाली, अवं हे बी पाण्यातच जाते ना वं, मंग हे जाळंच झालं, असं कोरं कसं घालता? अन् तिनं गोडेतेलाची वाटी आणली, हळद कालवली, अन् चारी कोपऱ्यांले, मंधात, पाची बोटं उमटवली, हात जोडले, म्हणाली, माह्या सुनेची ओटी भर. मले इतकं बरं वाटलं भाऊ, कोणीतरी माह्यासाठी मागून राह्यलं म्हणून. मंग कापड भिजवलं अन् बसवलं.

तो मशिनी धुवाचा दिवस होता. काळं पाणी येऊन हौद भरला. मी डब्यानं तेल काढाले बसली तर वर तेल कमीच. म्हणलं आज कमी धुतलं असन. पलीकडं सहज पाह्यलं अन् हातातला डबा टाकून देला. जिथं जिथं सासूची बोटं उमटली होती तिथून तिथून तेल येऊन राह्यलं होतं, पाणी नाई, तेल. थेंब थेंब नाई जी, धार. अन् नाल्यात रंगीत कातडी पसरली होती, निळी, जांभळी, वळणापलीकडं गेली होती. मी बोंबलत मिस्त्रीकडं गेली. त्यानं हौदाचं तोंड पोत्यानं अन् मातीनं बुजवलं, पण गेलं ते गेलं होतं. तो म्हणे, नुसतं घासलेट गेलं, पाण्यावर तरंगते, कोणी विस्तव जवळ नेऊ नका म्हणजे झालं, दोन दिवसानं उडून जाईन.

विस्तव म्हणला अन् मले आठवलं. आज गोदी दिवा सोडणार. पोट्ट्याले कडेवर घेऊन, पाण्यात उभी राहून.

मी म्हणलं कोणीतरी चला माह्यासंग. कोणी येईना. नाल्याच्या वाटेनं वाघानं परवाच गाय पाडली होती, आमचे हे मशीन आणाले खाणीच्या पोटात उतरलेले, त्यांले वर कोण बोलावते. मी एकटीच निंगाली. चैताचं ऊन, नाला बारीक, पाणी हळूहळू चाले म्हणून वाटलं गाठीन मी. काठाकाठानं पळाली. एका बाजूले जंगल अन् एका बाजूले ते तेल, माह्यासंगच चाललेलं. जिथं पाणी दगडात अडे तिथं मी पुढं होओ, जिथं उतार लागे तिथं ते पुढं जाये. पडलेल्या पळसपानांवर ते चढलं होतं, सारी पानं घासलेटात भिजलेली, अन् मले तीच पानं पेटलेली दिसत. वाटेत गाईची हाडं पडली होती, वास येत होता, मोर एकदम ओरडून उडाला तर मी तिथंच बसली, मले लघवी सुटली, खोटं कायले सांगू. वाटलं वाघ आता झाडीतून पाहून राह्यला. पण वाघाचं भेव एकीकडं अन् त्या दिव्याचं एकीकडं, दिव्याचंच जास्त झालं. उठली. शेवटी शेवटी मी तेलाच्या पुढं निंगाली, मांगं वळून पाह्यलं तर पाणी साफ.

डोहावर पोचली तवा बाया गाणं म्हणून राह्यल्या होत्या. गोदी गुडघाभर पाण्यात, लेकरू छातीशी, दुसऱ्या हातात द्रोण, दिवा पेटलेला, अन् ती वाकत होती. मी तशीच पाण्यात घुसली अन् तिच्या हातावर चापट मारली. द्रोण उलटा झाला, दिवा इझला. बस. गाणं थांबलं.

आता इचार करा भाऊ. वांझ बहीण, जिले येऊ नको म्हणलं होतं, ती आली, केस सुटलेले, लुगडं फाटलेलं, अन् तिनं पह्यल्या पोट्ट्याचा दिवा इझवला. मी धापा टाकत म्हणून राह्यली, तेल येऊन राह्यलं, वरून तेल येऊन राह्यलं, पेटन. अन् पाणी पाहा तर आरशासारखं. खालची वाळू दिसे. एक बाई म्हणाली, कुठी आहे तेल? दुसरी म्हणाली, नजर लावाले आली, करणी कराले आली. माहीच माय, तिनं गोदीच्या पुढं उभं राहून लेकरू पदराखाली झाकलं, माह्यापासून झाकलं जी. बाप तेवढा म्हणाला, थांबा, पाहू. तवाच्या काळात करणीचं नाव घेतलं का माणसं बाईले जीवानिशी सोडत नसत, गावाबाहेर काढलेल्या बाया मी डोळ्यानं पाह्यल्या होत्या. दोन गडी माह्या मांगं येऊन उभे राह्यले, हात नाई लावला, नुसते उभे.

मी पाण्याकडं पाहत बसली. पाणी साफ. मनात आलं, मिस्त्रीनं तोंड बुजवलं, वाटंत पानांनीच तेल पेऊन घेतलं असन, आलंच नाई तर? जे तेल येऊ नये म्हणून मी पायाचे तुकडे करून पळाली, जे तेल अडवाचं माहं कामच होतं, त्याचीच मी वाट पाहाले लागली. मी मनात हात जोडले. म्हणलं देवा, तेल येऊ दे. माह्या मायबापाच्या पेवाच्या पाण्यात तेल येऊ दे.

अन् आलं. वळणावरून आधी वास आला, मंग ती रंगीत कातडी, हळूहळू, सारा डोह झाकत. बापानं काठीनं एक भिजलेलं पान उचललं, दूर खडकावर नेलं, काडी ओढली. भडका झाला तो माणसाच्या कंबरेएवढा. बाया मांगं सरल्या. मायनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. गोदी पाण्याबाहेर आली, माह्यापाशी आली, अन् तेवढंच बोलली, बाई, धर याले. अन् लेकरू माह्या हातात देलं. मी म्हणलं नको वं, पाडीन मी.

मंग गावाचे लय हाल झाले, पाणी दूरच्या झिऱ्यावरून आणा लागलं, लेकरं रडली, गुरं ओरडली. मिस्त्रीनं कापड काढून पाह्यलं, ते हळदीचे बोटं पाह्यले, अन् मले वाटलं आता हा मारते. पण तो खालीच बसला. म्हणे, बाई, कापड पह्यल्यांदा जे पेते त्याचंच होते. आधी पाणी पेलं तर पाण्याले वाट देते, तेलाले देत नाई. तुम्ही त्याले आधी तेल पाजलं. मले सांगाले पाह्यजे होतं, मी सांगतलं नाई. सासूनं मले इचारलं, यमे, माह्या बोटानं झालं का वं? मी म्हणली नाई, मामीजी, कापडच चिरलेलं होतं. ती मरेपर्यंत मी तेच म्हणली. मंग नवं कापड कोणी कोरं हौदात घातलं नाई, आधी घागरभर पाणी ओतलं, अन् तीच आमची पूजा झाली.

आता मी म्हातारी झाली. खाण बंद पडली, मिस्त्री गेला, आमचे हे गेले, गोदीबी गेली. तिचा पोट्टा मले मोठी माय म्हणते, त्याच्याच ओसरीवर बसून तुमच्याशी बोलून राह्यली, त्याची सून मले चहा देते, सुखात आहे. लेकरासाठी मी कोण्या देवाले मागितलं नाई सांगा. एकानंबी ऐकलं नाई. इतके वर्ष मागितलं ते देलं नाई, अन् एक डाव तेल मागितलं तर ते लगेच धाडलं, माह्याच गावाच्या तोंडात. तवापासून मी काई मागत नाई जी. मागाचंच भेव वाटते, कोणतं ऐकन अन् कोणतं नाई याचा काय भरोसा. तुम्ही इतक्या दूरून आले, माहं ऐकलं, तुमचं भलं होवो, तुमचे लेकरंबाळं सुखी राहो. पण हे मी हळूच म्हणते, भाऊ. त्या वरच्याच्या कानावर नको जाले.