बंदूकबाजाची मिठी

आत्म्याचा शोध माणसाला शेवटी घरीच आणतो, असं उशिरा आलेल्यांच्या रांगेत माझ्यापुढचे आजोबा थिएटरच्या दरवानाला सांगत होते.

"चार वेळा पाहिला मी. तो बंदूकबाज वाळवंटात देव शोधतो, मरतो, उठतो आणि शेवटी दारात आईला मिठी मारतो."

"आजोबा, ती निरोपाची मिठी. आमच्या ऑपरेटरनं आठवडाभर पहिलं रीळ शेवटी लावलं होतं."

"आठवडाभर? आणि कुणी बोललं नाही?"

"घोडा छतावर चरतो त्यात. बोलणार काय, कपाळ?"

"म्हणजे तो परत येत नाही?"

"नाही हो."

"आमचा थोरलाही असाच मिठी मारून गेलाय. बारा वर्षं झाली. आज एकदा तसंच लावा ना."

"मालकांनी झापलंय. सकाळपासून रिळं ओळीनं लागतात. घराचं रीळ आत्ताच होऊन गेलं."